रोहण्यासमोर शून्य

सिंदी मेघे, वर्धा
१८ सप्टेंबर १९८८

ती. दादास,

कोकिळाचा नमस्कार. हे पाकीट तू फोडणार नाहीस. वहिनी फोडतील आणि तू पाठ फिरवून बसलास तरी मोठ्यानं वाचतील, म्हणून मंदावहिनींनाही नमस्कार.

आईचा डोळा आता चांगला आहे. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं त्या डोळ्यानं ती सुईत दोरा ओवते, आणि मला दाखवायला दिवसातून दोनदा ओवते. तुझी नोकरी गेली हे तिला सांगितलेलं नाही. कुष्ठरोग केंद्रानं तुझी बदली सिंदी रेल्वेला केली, असं सांगितलं आहे. ती म्हणते, "बदली झाली त रविवारी काऊन येत नाई? सिंदी काय कलकत्त्याले हाय?" तुझ्या सासऱ्यांच्या वावरात निंदणाची घाई आहे म्हणाले तर तीच म्हणेल, बदलीवरचा माणूस वावरात काय करतो.

चौकशीच्या दिवशी तू मला सगळ्यांसमोर विचारलंस, "कोकिळे, मी फॉर्म देतो, पुढं तुह्यी मशीन त्याचं काय करते?" मी उत्तर दिलं नाही. यादी वाचून दाखवली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही महिने रोहण्यासमोर शून्य. डॉक्टर प्रभाकररावांनी यादी माझ्या हातातून घेतली, तुझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "चंद्रभान, रोहण्याच्या तानाबाईची बोटं वाकली. तू तीन महिने लिहीत होतास म्हणतोस, मग हे काय?" तू म्हणालास, "मी लिहलं होतं." चौदा वर्षं तू सायकलवर कुष्ठरोग्यांच्या गोळ्या वाटल्यास, ती नोकरी त्या एका कागदावर गेली.

तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता देते.

तुमचे फॉर्म आले की आम्ही ते कॉम्प्युटर मशीनमध्ये भरतो, प्रत्येक गावाची एक फाइल. भरून झाले की फॉर्म जाळतो, रोग्यांची नावं बाहेर जाऊ नयेत म्हणून. हे तुला माहीत आहे. महिनाअखेरीला पूर्वी मी एकेका गावाची कमांड हातानं द्यायची: या फाइलीत 'डॉक्टर पाहिजे' अशी खूण असलेल्या ओळी किती आहेत ते सांग. पडद्यावर आकडा यायचा, तो मी वहीत उतरवायची. एकशे बारा गावं. दोन दिवस जायचे, आणि मान अशी दुखायची की आई शेक द्यायची.

गेल्या डिसेंबरात मी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला दिलेली कामांची चिठ्ठी. ती वरून खाली वाचत मशीन एकेक कमांड स्वतःच चालवतं. गंमत अशी की कमांडचं उत्तर पडद्यावर जाऊच द्यायचं नाही. कमांडच्या दोन्ही बाजूंना एक उलटा स्वल्पविराम दिला की उत्तर तिथल्या तिथे पकडलं जातं. ते गावाच्या नावापुढे छापायचं, आणि आकडा असेल तर खाली रोग्यांची नावं. एकशे बारा गावं चहा निवायच्या आत होऊ लागली. पहिल्या दिवशी मी ते तीनदा चालवून पाहिलं, काही कारण नसताना.

ज्या गावापुढे शून्य, तिथे डॉक्टरांची जीप जात नाही. एवढंच माझं मशीन करतं.

तुझ्या फॉर्मांचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही.

तुझी बहीण
कोकिळा


सिंदी मेघे
२७ नोव्हेंबर १९८८

ती. दादास,

नमस्कार. तुम्ही दिवाळीला आला नाहीत. आईनं तुझ्यासाठी अनारसे वेगळे काढून ठेवले होते, ते आम्ही परवा खाल्ले.

वहिनींचं कार्ड आलं. लिहितात, "तुमचं पत्र ह्यायनं दोनदा वाचाले लावलं. मशीनचं जे लिहिलं तेवढंच दुसऱ्यांदा वाचाले लावलं. आता जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या बैलबंड्या मोजाचं काम भेटलं आहे, सकाळी जातात ते दिवे लागणीले येतात." तू दोनदा ऐकलंस, म्हणून पुढचं लिहिते.

गेल्या पत्रातलं शेवटचं वाक्य खरं नव्हतं. तुझे फॉर्म सापडले आहेत. कागद नाही, मशीनमधल्या ओळी.

झालं असं. फेब्रुवारीत आईच्या ऑपरेशनसाठी मी पंधरा दिवस रजेवर होते. नव्या वर्षाच्या फाइली उघडायच्या होत्या, त्यातल्या रोहणा सर्कलच्या चार गावांच्या माझ्यासोबत मशीनवर बसणाऱ्या बबनरावांनी उघडल्या. पुढेही त्या चार गावांचे फॉर्म तेच भरत राहिले. आमच्या मशीनवर प्रत्येकाला आपलं नाव आणि पासवर्ड असतो. एकानं उघडलेली फाइल दुसऱ्याला वाचता यावी की नाही, हे उघडणाऱ्यानं ठरवायचं. बबनरावांनी त्या बंद ठेवल्या. मुद्दाम नाही, तशी सवय होती त्यांना. माझी स्क्रिप्ट माझ्या नावानं चालायची. ती रोहण्याच्या फाइलीपाशी जायची, वाचायला परवानगी नाही म्हणून रिकाम्या हातानं परत यायची. ओळी मोजणाऱ्या पुढच्या कमांडकडे मोजायला काहीच पोचत नसे. ती म्हणे, शून्य.

बबनराव नागपूरच्या नोकरीवर गेले, जाताना मुख्य पासवर्ड मला देऊन गेले. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या फाइली उघडल्या. तीन महिन्यांत चार गावांतल्या अकरा जणांपुढे 'डॉक्टर पाहिजे' ही खूण आहे. तानाबाई तीनदा. तू लिहिलेला शेरासुद्धा बबनरावांनी इंग्रजी अक्षरांत जसाच्या तसा भरला आहे. फेब्रुवारी: गोळ्यांनी कातडी काळी पडते म्हणून बंद केल्या, सासू विचारते. मार्च: करंगळीला मुंग्या. एप्रिल: भाकर थापता येत नाही, डॉक्टर ताबडतोब पाहिजे.

चौकशीत बबनरावांना विचारलं होतं, आठवतं? ते म्हणाले, "दिवसाले दोनशे फॉर्म भरतो साहेब, मले कोणाचं काय याद राहते?" त्यांनी एकदा फाइल उघडून पाहिली असती तर.

मी अजून डॉक्टरांना सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहून सांगेन.

कोकिळा


सिंदी मेघे
१० जानेवारी १९८९

दादा,

काल तानाबाई भेटल्या.

बोटं सरळ करायच्या ऑपरेशनसाठी त्यांना केंद्रात ठेवलं आहे. आधी महिनाभर व्यायाम घेतात. मी फॉर्म आणायला त्या बाजूला गेले तर त्या गरम मेणाच्या पातेल्यात उजवा हात बुडवून बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सहा महिने त्यांचं नाव माझ्या डोक्यात होतं आणि चेहरा नव्हता. तुझ्या वयाच्या आहेत. त्यांनीच हाक मारली.

"तू चंद्रभानभाऊची बहीन नं? नाक तसंच हाय."

मी हो म्हटलं.

"भाऊ कुठं हाय? आता तो नवा मानूस येते, बाहेरूनच नाव घेऊन हाक मारते. साऱ्या गल्लीले समजते. भाऊ येये त पहिले पाणी मांगे, सरकीचा भाव इचारे, मंग हळूच पुडी ठेवून जाये."

मी म्हटलं, दादा आता सिंदीला असतो.

"काऊन गेला?"

मला खरं सांगावं लागलं. म्हटलं, त्यानं तुमचं दुखणं कळवलं नाही म्हणून काढलं.

त्यांनी मेणातून हात बाहेर काढला. पांढऱ्या हातमोज्यासारखं मेण चढलं होतं आणि आतली दोन बोटं वाकलेली दिसत होती. म्हणाल्या, "लिवलं होतं नं. माह्यासमोर लिवलं, तीन खेपा. मी म्हटलं नोको लिवू भाऊ, जीप आली त साऱ्यायले माहीत पडंन. त्यानं ऐकलं नाई. म्हने, तुह्या हाताले माहीत पडून राह्यलं ते महत्त्वाचं."

"मग हे तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"मले कोनं इचारलं?"

दादा, चौकशी चार दिवस चालली. डॉक्टर होते, बबनराव होते, मी होते, तू होतास. तानाबाई तेव्हा केंद्रातच होत्या, पट्टी बांधायला आणल्या होत्या, दोन खोल्या पलीकडे.

आता राहिलेलं सगळं लिहिते. आज लिहिलं नाही तर पुन्हा नीटनेटकं करून लिहीन.

पहिलं. फाइली मला 'गेल्या आठवड्यात' सापडल्या नव्हत्या. तू ३० जूनला गेलास, बबनराव ८ जुलैला गेले, आणि ११ जुलैला मी त्या फाइली पाहिल्या. त्याच दिवशी मी त्या सगळ्यांना वाचता येतील अशा केल्या. जुलैअखेरच्या यादीत अकराही नावं आपोआप आली, नवा माणूस शोधायला गेला. मी स्वतःला सांगितलं, झालं, दुरुस्त झालं. तुझ्याबद्दलचं काही दुरुस्त झालेलं नव्हतं, ते मी विचारातच घेतलं नाही.

दुसरं. बबनरावांवर मी जे लिहिलं ते अर्धंच आहे. मशीन गप्प नव्हतं. कमांड चालली की तिचं उत्तर एका वाटेनं येतं आणि तक्रार दुसऱ्या वाटेनं. मी पकडत होते ती फक्त उत्तरं. तक्रारी सुट्याच राहायच्या, पडद्यावर येऊन पडायच्या: अमुक फाइल नाही, तमुक उघडत नाही. डिसेंबरात अशा वीसेक ओळी येत. ज्या गावात अजून एकदाही दवाखाना भरला नव्हता तिथली फाइल नसायची, म्हणून. मी वाचायची आणि सोडून द्यायची.

जानेवारीत बाहेरचे पाहुणे मशीन पाहायला येणार होते. आदल्या दिवशी डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "हा कसला कचरा येतोय मधेमधे? उद्या पाहुण्यांसमोर हे दिसायला नको." मी म्हटलं, एका मिनिटाचं काम आहे. मशीनमध्ये एक जागा असते, तिथे टाकलेलं कुठेच जात नाही, कुठेच राहत नाही. भोकच म्हण. मी तक्रारींची वाट त्या भोकात सोडली. पाहुण्यांसमोर यादी अशी स्वच्छ निघाली की त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासोबत माझा फोटो काढला, तो तू वहिनींना दाखवायला घरी नेला होतास.

पाहुणे गेल्यावर ती ओळ काढून टाकायची होती. मी काढली नाही. स्वच्छ यादी मला आवडू लागली होती.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मशीन दर महिन्याला सांगत होतं की रोहण्याची फाइल मला वाचू देत नाहीत. ते ऐकू येऊ नये अशी व्यवस्था मी केली होती. चौकशीत तू "मी लिहलं होतं" म्हणालास तेव्हा मला त्या भोकाची आठवण झाली होती. पक्कं काही नव्हतं, पण आठवण झाली होती. मी उठून मशीनपाशी गेले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी यादी पुन्हा एकदा वाचून दाखवली.

का, ते तुला माहीत आहे असं मला वाटतं. केंद्रात मला चिकटवलं तू. नागपूरच्या कोर्सला जाताना बसस्टँडवर माझी ट्रंक तू डोक्यावर घेतलीस. पण ते मशीन माझं होतं. सगळे चप्पल काढून त्या खोलीत यायचे आणि मला विचारायचे. ते सुटेल याची भीती वाटली.

तुझ्या उत्तराची वाट पाहत नाही. उद्या डॉक्टरांना सांगते.

कोकिळा


सिंदी मेघे
५ फेब्रुवारी १९८९

दादा,

सांगितलं. 'उद्या' म्हटलं होतं, प्रत्यक्षात सहा दिवस लागले.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हे किती जणांना माहीत आहे?"

"मला आणि तानाबाईंना. आणि दादाला, पत्रानं."

"स्क्रिप्ट आता दुरुस्त आहे ना?"

"आहे."

"मग झालं. मार्चमध्ये पाहणीला लोक येणार आहेत. आत्ता हे उकरलं तर सगळ्याच याद्यांवर शंका घेतील, तुझ्या सगळ्या कामावर. चंद्रभानला मी दुसऱ्या संस्थेत लावून देतो. शब्द देतो."

मी म्हटलं, "साहेब, सगळ्याच याद्यांवर शंका घ्यायलाच पाहिजे. मीही घेते आहे."

ते म्हणाले, "तू दमली आहेस. रजा घे."

वाईट माणूस नाहीत ते. तानाबाईंचं ऑपरेशन ते स्वतः करणार आहेत, त्यासाठी त्यांनी मुलीच्या साखरपुड्याची तारीख पुढे ढकलली. तरी ते मला असं म्हणाले, आणि मीही सात महिने स्वतःला तेच म्हणत होते, म्हणून मला त्यांचा रागसुद्धा धड येईना.

रजा घेतली. रजेत घरी बसून साडेतीन पानं लिहिली, वर तारखा टाकल्या, खाली सही केली. विश्वस्तांचे अध्यक्ष सदाशिवराव म्हणजे बाजारातल्या कापडदुकानातले, तू ओळखतोस. दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, म्हणाले बस. सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर बसले. गिऱ्हाईक गेल्यावर भिंग घेऊन साडेतीन पानं वाचायला त्यांना पाऊण तास लागला.

"सारं नाई समजलं बाई," ते म्हणाले. "मले एवढं सांग. मशीन म्हणे का मले वाचता येत नाई?"

"हो."

"अन् तू तिचं तोंड बांधलं?"

"हो."

"काऊन?"

"पाहुणे येणार होते."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "अकरा लोक होते म्हणतं. ते भेटले का सगळे?"

मी म्हटलं, नव्या माणसाला सात भेटले. चौघांपुढे त्यानं 'गावात नाही' असं लिहिलं आहे.

"गावात नाई त कुठं हाय?"

मला माहीत नव्हतं. सात महिने मी चुकीचा, तुझा, माझा विचार केला. त्या चौघांना कोणी शोधलं का, हे त्या दुकानात बसेपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. तिथे मला रडू आलं. ते उठून आत गेले, पाणी आणलं आणि म्हणाले, "रडणं घरी कर. पहिले हे चौघं पाहू."

मंडळाची बैठक पंधरा तारखेला आहे.

कोकिळा


सिंदी मेघे
१९ फेब्रुवारी १९८९

दादा,

हे पत्र आईसोबत देते आहे.

बैठक झाली. तुझ्यावरचा ठपका मागे घेतला आहे. तसं पत्र रजिस्टरनं येईल, त्यात नोकरीवर परत ये असंही आहे. मला मशीनवरून सहा महिन्यांसाठी काढलं, फॉर्म लावायला बसवलं आहे. काढलं तरी मला जाऊ देण्याआधी सदाशिवरावांनी एक काम करायला लावलं: दोन्ही वर्षांच्या सगळ्या याद्या पुन्हा काढायच्या, यावेळी तक्रारीही पकडून, उत्तराशेजारी छापून. डॉक्टर शेजारी बसले आणि एकेक तक्रार मोठ्यानं वाचत गेले. रोहणा सर्कलशिवाय आणखी एक गाव निघालं, पण तिथे सुदैवानं खरोखरच कोणी नव्हतं. आता एक जरी फाइल वाचता आली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, पुढे काही छापत नाही. यादी उशिरा निघते म्हणून डॉक्टर कुरकुरतात, पण थांबतात.

तानाबाईंचं ऑपरेशन झालं. अनामिका सरळ झाली, करंगळी पूर्ण होणार नाही म्हणतात.

आईला सगळं सांगितलं. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि म्हणाली, "मी त्याच्याकडं जातो. तू येऊ नोको." एकटीच येते आहे. स्टेशनवर उतरवून घे, डब्याच्या पायरीचा तिला अजून अंदाज येत नाही.

चौघांची नावं खाली देते. चौदा वर्षं तू त्या गावांत फिरलास. कोण कुठे गेलं असेल ते तुला माहीत असेल, निदान कोणाला विचारायचं ते तरी. नोकरीवर ये की नको, ते तू ठरव. पण ही नावं पाहा.

लहानू, वय साठ, रोहणा.
आनंदाबाई, वय बावीस, रोहणा.
किसनराव, वय पन्नास, रोहण्याशेजारचं दुसरं गाव.
सुमित्राबाई, वय चाळीस, त्याच गावची.

कोकिळा


सिंदी रेल्वे
१२ मार्च १९८९

कोकिळे,

आई पोचली. इथं तिचं बरं चालून राह्यलं आहे, मंदाले सैपाकात चुका सांगते. जिनिंगले रविवारी सुटी असते. तीन रविवार मी तुह्यी यादी घेऊन गेलतो.

लहानू गावात नाई हे बराबर, पण तो गेला कुठं नाई. गावाबाहेर पाटलाच्या वावरात खोपडीत राह्यते, राखण करते. त्याले कोणी हाकललं नाई, तोच गेला. पायाले जखम आहे. गोळ्या सुरू कराले तयार आहे, पण खोपडीवर आणून द्या म्हणते.

आनंदाबाई माहेरी आर्वीच्या बाजूले आहे. बाळंत झाली, मुलगी आहे. पाठीवरचा चट्टा वाढला. नवऱ्याले माहीत आहे, सासरी माहीत नाई. तिचा पत्ता फॉर्मवर लिहू नोको, मले तोंडी इचारजो.

किसनराव वारला. डिसेंबरात. या रोगानं नाई, छातीनं गेला. पण सप्टेंबरपासून तो दर बुधवारी दवाखान्याच्या दिवशी शाळेपाशी येऊन बसे, अन् त्याले कोणी ओळखत नव्हतं, असं त्याच्या पोरीनं सांगितलं. त्याचं नाव काढजो, पण नुसतं खोडू नोको. तारीख लिहिजो.

सुमित्राबाई त्या गावात दोन आहेत. नवा माणूस दुसरीच्या दारात उभा राहून हाका मारत होता. तिले काही रोग नाई, पण आठ दिवस तिले विहिरीवर येऊ दिलं नाई. मी जाऊन चार घरी बसून सांगून आलो. जिले रोग आहे ते पुलगावच्या गिरणीत लागली आहे, भेटली. गोळ्या घेते, दुसऱ्या दवाखान्यातून. म्हणजे तुह्या चौघांतले दोघंच बाकी आहेत.

नोकरीचं पत्र भेटलं. मी येतो म्हणून कळवलं आहे, पण एक गोष्ट त्याच्याआधी झाली पाहिजे. मी दुखणं कळवत नाई अन् खोटं सांगतो हे रोहण्याच्या शाळेच्या वऱ्हांड्यात, दवाखान्याच्या दिवशी, रोग्यायसमोर सांगितलं गेलं, तवा तानाबाई केंद्रात होती. मी तिथं उभा होतो. मंग ठपका मागं घेतल्याचं पत्रही तिथंच वाचलं पाहिजे, रजिस्टरनं माह्या घरी येऊन काय फायदा. डॉक्टर वाचतो म्हणतीन. त्यायले नाई म्हणजो. तू वाचजो.

अन् ते मशीनचं, दोन वाटा अन् भोक, तेही सांगजो. मले पत्रातून नीट समजलं नाई. दोन्ही पत्रं मंदानं तीनतीनदा वाचली. उभं राहून सांगशीन त समजंन, अन् त्या लोकायले माह्यापेक्षा लवकर समजंन.

माफ केलं असं मी लिहीत नाई, कारण अजून तसं झालं नाई. आई म्हणते लिही, मी नाई लिहिलं. चौकशीच्या दिवशी तू यादी दुसऱ्यांदा वाचली तवा माह्याकडं पाहत नव्हती, ते मले रोज दिसते. तुह्यं जानेवारीचं पत्र आलं तवापासून दुसरंही दिसते, तू एकटी बसून ते लिहून राह्यली ते. दोन्ही राह्यतीन काही दिवस.

बुधवारी रोहण्याले दवाखाना आहे, मी पुलगावच्या टेसनावर आर्वीच्या लहान गाडीपाशी उभा राहीन. लहानूसाठी पायाच्या पट्ट्या जास्तीच्या आणजो. आनंदाबाई मुलीले पाजते, तिले कोणत्या गोळ्या चालतीन ते डॉक्टरले इचारून येजो, अन् इचारलं त त्यायनं काय सांगितलं ते कागदावर लिहून घेजो.

चंद्रभान